कुंकवाचा पाना

आमच्या घरात माणसांना जागा कमी पडे, सायकलला कधी पडली नाही. मधल्या खोलीत ज्वारीच्या कणगीला टेकून ती उभी असायची, पुढचं चाक पाटावर. जमिनीची ओल टायरला लागू नये म्हणून तो पाट. आम्ही मात्र जेवायला उघड्या फरशीवर फतकल मारून बसायचो. आई म्हणायची, "पाट त्या रांडेला आणि आपण जमिनीवर." आई शिव्या देणारी बाई नव्हती. ही एकच शिवी तिला येत होती आणि ती एका सायकलीसाठी राखून ठेवलेली होती. वहिनीच्या लुगड्याच्या काठाला चेनचं तेल लागायचं, ते राखेनं घासून घासून तिची बोटं सोलून निघायची. तरी संध्याकाळी बाहेर घंटी वाजली की ती हातातलं पीठ तसंच टाकून दाराशी जायची आणि सायकल उंबऱ्यावरून आत घ्यायला हात लावायची.

पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा. त्याच्या आधीच पलीकडच्या बोळातले हातमाग सुरू झालेले असत. त्या खटखटीवरच आम्ही वाढलो. ती थांबली तरच जाग यायची. मग आतून दुसरा आवाज, दादाच्या पंपाचा. फुस्स, फुस्स, फुस्स. मोजून पुढच्या चाकाला वीस आणि मागच्याला पंचवीस. त्यानंतर अंगठ्यानं टायर दाबून बघायचा, जसं आई भाकरीचं पीठ दाबून बघते. वहिनी दोन भाकरी, शेंगांची चटणी आणि कांदा फडक्यात बांधून मागच्या कॅरियरला लावायची, आणि दादा सोलापुराहून निघायचा तो होटगीला.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. होटगीच्या शाळेत मास्तर. वडील गेल्यावर घर त्याच्यावरच आलेलं. होटगी जंक्शन असल्यानं आगगाडी जायची खरी, पण तिची वेळ शाळेच्या वेळेशी कधी जुळली नाही. पहिली गाडी पोचवायची अंधारात आणि परतीची आणायची सगळे निजल्यावर. मास्तरनं शाळेच्या गावातच राहावं असा नियम होता. हेडमास्तर भला माणूस. तो म्हणाला, "पहिल्या घंटेला हजर असाल तोवर मी विचारणार नाही कुठं निजता." म्हणजे सायकल होती म्हणून दादा रोज घरी येत होता, एवढाच सरळ हिशेब. वहिनीची पहिली दोन मुलं राहिली नव्हती. तिसऱ्या वेळेस दिवस गेले होते आणि बाळंतपण मार्गशीर्षात होतं. ती रोज संध्याकाळी घंटीसाठी कान देऊन का बसायची ते मला तेव्हा कळायला हवं होतं. मला तेव्हा पारतंत्र्य कळत होतं, बाजारपेठा कळत होत्या, मधली खोली कळत नव्हती.

दादाची संध्याकाळ मात्र घरातली नव्हती. घरी येऊन चहा घेतला की सायकल पुन्हा बाहेर, ती नरसय्या मिस्त्रीच्या कट्ट्यावर. नरसय्या हा तेलुगू विणकराच्या घरचा. बाप, भाऊ सगळे मागावर. यानं एकट्यानं सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलेलं. दुकान म्हणजे लिंबाखाली चार पत्रे आणि समोर दगडी कट्टा. त्या कट्ट्यावर चार माणसांची रोजची बैठक भरायची. दादा, दवाखान्यातले कंपाउंडर, अक्कलकोटकडून येऊन गिरणीत लागलेला सिद्राम, आणि पायाशी उलट्या घातलेल्या सायकलीवर वाकलेला नरसय्या. बायकांनी लुगडी बघावीत तसे हे लोक एकमेकांच्या सायकली बघायचे. कंपाउंडर बोटातल्या चांदीच्या अंगठीनं फ्रेमच्या नळीवर टक् करून मारायचे आणि डोळे मिटून ऐकायचे.

"मास्तर, तुमची फ्रेम वाजते घंटेसारखी. पण उंच फार. स्वारी केल्यावर माणूस झेंडूच्या माळेसारखा लोंबतो."

"उंच आहे म्हणून पळते. तुमची बुटकी आहे, तिला काय वाजवता? ती दवाखान्यातल्या डेचकीसारखी बोलते."

"बोलूद्या. पुढचा काटा बघा माझा. कसा वाकवलाय, जणू बैलाचं शिंग."

सिद्रामची सायकल जुनी, उलटं पायडल मारलं की मागचं चाक थांबणारी. तो अभिमानानं म्हणायचा, "आमच्या सायकलीला ब्रेकचे दांडे न्हाईत, रबर न्हाई, कटकट न्हाई. पाय मागं रेटला की थांबली. तुमी दोन हातानं दोन दांडे वडत बसा, म्हशीचं दूध काढल्यासारखं."

यावर नरसय्या मान वर न करता बोलायचा. त्याचं मराठी तेलुगूच्या चालीवर चालायचं आणि पुल्लिंग-स्त्रीलिंगाची तमा बाळगायचं नाही. "सगळ्यात चांगली फिक्स. चाक फिरली की पाय फिरते. पाय थांबली की चाक थांबते. माणूस आणि सायकल एकच होते. हे फ्रीव्हील म्हणजे आळशी माणसाची गंमत. मास्तर उतारावर पाय जोडून बसते, महाराजासारखी. उद्या ब्रेक गेली, मग काय करणार, देवाला थांब म्हणणार?"

"ब्रेक कशाला जाईल? तू आहेस की," दादा म्हणायचा. सगळे हसायचे.

हे मी इतकं बारकाईनं सांगतोय याचं कारण, तेव्हा मला हे सगळं असह्य व्हायचं. मी एकोणीस वर्षांचा. कॉलेज सोडलेलं. परदेशी मालावर बहिष्काराची पत्रकं लिहिणं, छापून घेणं आणि वाटणं हा माझा धंदा, म्हणजे ज्यातून काही मिळत नाही तो धंदा. प्रश्नचिन्हाशिवाय माझं एक वाक्य पुरं होत नसे. 'बंधूंनो, हे कुठवर चालणार? तुमचं रक्त लाल आहे की विलायती रंगानं रंगवलेलं?' असलं मी लिहायचो आणि लोक वाचायचेही. आज ते कागद हाती आले तर मी घाईनं घडी घालून ठेवून देतो. खोटं होतं म्हणून नव्हे. बहुतेक खरंच होतं. पण एवढ्या मोठ्यानं ओरडून सांगितलेलं खरंही फार दमवतं, सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही.

तर त्या भाद्रपदात मी एक पत्रक काढलं. मथळा होता, 'परदेशी चाकांवर स्वदेशीचे धडे'. गावातले मास्तर वर्गात देशभक्ती शिकवतात आणि विलायती सायकलीवर बसून घरी जातात, संध्याकाळी कट्ट्यावर बसून त्या विलायती नळ्या वाजवून त्यांचं कौतुक करतात, यांना शरम आहे काय, असा त्याचा सूर. नाव घेतलं नव्हतं. नावाची गरजच नव्हती; गावात उंच फ्रेमच्या सायकलीवरून जाणारा मास्तर एकच होता. दुसऱ्या दिवशी होटगीच्या पोरांनी फळ्यावर सायकल काढून तिच्याखाली युनियन जॅक रंगवला. दादा घरी आला, सायकल कणगीला टेकवली, पत्रकाची घडी खिशातून काढून माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाला, "चौथ्या ओळीत 'निर्लज्ज' शब्दाला पहिली वेलांटी चुकलीय." एवढंच. मास्तर होता ना.

वहिनी मात्र बोलली. भाकरी थापता थापताच बोलली. "भावोजी, सायकल परदेशी आहे हे मला कळतं. पण ती रोज माझ्या घरी माणूस आणून सोडते. तुमचं स्वदेशी काही आणून सोडत असेल तर सांगा, मी त्याची आरती करीन." मी रागावून ताटावरून उठलो. त्या वयात माझं असंच चालायचं.

दादालाच ते सोसेना. पोरांपुढं उभं राहायचं होतं त्याला. एका संध्याकाळी तो मला हाताला धरून कट्ट्यावर घेऊन गेला. "हा माझा भाऊ. हा म्हणतो सायकल जाळा. नरसय्या, तू सांग याला, हिच्यात परकं काय आणि आपलं काय."

नरसय्यानं सायकल उलटी केली आणि हात फिरवत एकेक भाग सांगू लागला. तो पंचनामा मी जन्मात विसरणार नाही. "सीटची कातडी फाटली होती, आपल्या चांभारानं शिवली. पायडलची लाकूड मी बसवली, बाभळीची. घंटीची टोपी पितळेची, तांबटानं ठोकली. मडगार्ड पत्र्याची. तारा निम्म्या मी ओढल्या. आता फ्रेम, चेन, छर्रे, टायर आणि ब्रेक, हे त्यांची."

"फ्रेमच परकी असेल तर मग उरलं काय?" मी गरजलो.

कंपाउंडर म्हणाले, "वासुदेवराव, तुमच्या छापखान्याचं यंत्र कुठं घडलं हो? येवल्याला?"

सिद्राम मांडीवर थाप मारून हसला. "आन् शाई? शाई बी टेंभुर्णीची आसंल!"

माझे कान तापले. दादानंच मला वाचवलं. तो म्हणाला, "हे बघ वासू, फ्रेम मी देऊ शकत नाही. फ्रेम दिली तर मी होटगीला राहीन आणि घरी तुझी वहिनी. टायर आपल्याकडं होत नाहीत. ब्रेकची रबरं मात्र देतो. चार रबरं. त्यांच्या जागी नरसय्या कातडं बसवील. चालेल?"

आज हसू येतं. साम्राज्याविरुद्ध चार रबरं. पण मला एकदम तोडगा दिसला. फ्रेम कुणाला दिसत नाही, ब्रेक दिसतो. दसऱ्याला सीमोल्लंघनाला सगळं गाव बाहेर पडतं. होटगी रस्त्यावर ओढ्याचा उतार आहे. मास्तर वरून येतील, बरोबर आमच्या स्वयंसेवकांसमोर ब्रेक लावून थांबतील आणि आम्ही पत्रकं वाटू, 'सोलापूरचा स्वदेशी ब्रेक'. माझ्या डोक्यात मथळा आधी आला की विचार, ते सांगता येणार नाही. बहुतेक मथळाच.

नरसय्यानं ते काम मनापासून केलं. म्हशीचं जाड कातडं, चार थर शिवलेले, तेलात मुरवलेले. आपल्या सायकलीला लावून स्टेशनच्या उतारावर तो चारदा जाऊन आला, आणि चेहराभर हसत म्हणाला, "रबरापेक्षा चांगली धरते. ओल्यात पण धरते." सिद्रामसुद्धा बोटानं दाबून म्हणाला, "घट हाय की." मग चारही तुकडे फडक्यात बांधून नरसय्यानं दादाच्या हाती दिले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती ती. "आज पानं-हातोडे धुतली. उद्या पूजा. उद्या हत्याराला हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी ये, मी बसवते."

खंडेनवमी आमच्याकडं कडक. ज्यावर पोट चालतं ते सगळं पुजायचं आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. विणकरांचे माग त्या दिवशी गप्प असत. आईनं आमच्याकडं पाटावर विळी, कात्री, दादाची लेखणी आणि सायकलचा पाना मांडला, प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट लावलं, झेंडू वाहिला. सायकललाही माळ घातली, शिवी मागं घेऊन. पुरणपोळ्या झाल्या. दुपारी सगळे जेवून सुस्त निजले. घरात फक्त माशांचा आवाज आणि मागांचा नसलेला आवाज.

मला झोप नव्हती. दसऱ्याला सकाळी मी स्वयंसेवक गोळा करणार, पत्रकं उचलणार, मग नरसय्याकडं कधी जाणार? आणि तो आळस करील, नाहीतर बायका सोनं लुटायला निघेपर्यंत बसवत बसेल. शिवाय हत्याराला विश्रांती ही मला अंधश्रद्धाच वाटत होती. तिच्यावरही माझं एक पत्रक होतं. मी पाटावरून पाना उचलला. कुंकू बोटांना लागलं. सायकलला घातलेली माळ बाजूला केली, रबरं काढली आणि त्या जागी कातडं सरकवलं.

आता ब्रेकचं एक सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. रबर बसतं ते पत्र्याच्या एका छोट्या डबीत. डबीचं एक तोंड बंद, दुसरं उघडं. उघड्या तोंडातून रबर आत सरकवायचं. डबी लावताना बंद तोंड नेहमी चाक जिकडं फिरतं त्या बाजूला ठेवायचं, म्हणजे चाकानं रबर कितीही ओढलं तरी ते बंद पत्र्यावर अडतं. उलटं लावलं तर चाकच त्याला उघड्या तोंडातून बाहेर फेकतं. हे कट्ट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मीही तिथं शंभर वेळा बसलो होतो. पण त्यांच्या बोलण्यात मी फक्त पारतंत्र्य ऐकत होतो.

आणि त्या बंद तोंडावर, समोरून बरोबर दिसेल असं, विलायती कंपनीचं नाव ठसवलेलं होतं.

समोर लोक उभे राहणार. समोरून त्यांना दिसणार ते नाव. नरसय्याचं कातडं मागं लपणार. मला ते पाहवेना. मी डब्या फिरवल्या. चारही. नाव मागं गेलं, कातड्याचा शिवलेला काठ पुढं आला, सुंदर दिसला. नट आवळले. पाना पुसून जसा होता तसा फुलांखाली ठेवला. दादा उठला तेव्हा मी म्हणालो, "नरसय्यानं बसवून दिले. मी नेऊन आणली."

"आज? त्यानं आज हत्यार उचललं?"

"माझ्या विनंतीवरून."

दादानं दांडे दाबून बघितले. उभ्या सायकलीवर ब्रेक घट्टच लागतो. त्यानं मान हलवली. नरसय्याच्या हातावर त्याचा इतका विश्वास होता की वाकून बघायची त्याला गरज वाटली नाही. एरवी दुसऱ्यानं हवा भरली तरी तो अंगठा लावून बघायचा.

दसऱ्याला दुपार कलताना ओढ्याच्या उताराखाली आम्ही वीसेक जण उभे होतो. आपट्याची पानं घेऊन माणसं चाललेली, पोरं, बायका, एक बैलगाडी रस्ता ओलांडत असलेली. वरच्या टोकाला दादा दिसला. धोतराचा काचा मारलेला, पाय पायडलवर स्थिर, महाराजासारखा. नरसय्या म्हणायचा तसा. मी घोषणा दिली. अर्ध्या उतारावर त्यानं दोन्ही दांडे ओढले. खर्र असा आवाज झाला, आणि मी बघितलं, काहीतरी काळं पुढं उडालं. एक, मग आणखी एक. त्यानं पुन्हा ओढलं. धरायला काही उरलंच नव्हतं. फ्रीव्हीलवर पाय मागं रेटून उपयोग नाही. तरी तो रेटत होता, मला दिसत होतं. समोर बैलगाडी आणि पोरं. त्यानं हँडल फिरवलं आणि कडेच्या खडीच्या ढिगात सायकल घातली.

पुढचा काटा वाकला होता, कंपाउंडर म्हणायचे तसा, बैलाच्या शिंगासारखा. दादाच्या गुडघ्याचं जे झालं होतं ते बघून एक बाई मटकन खाली बसली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "नरसय्याचं कातडं सुटलं!" सगळ्यांनी ते उचललं. नरसय्याचं कातडं. नरसय्याचा ब्रेक. माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता आणि तोंडात आवाज होता. मी गप्प राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहिलो ते तिथं.

नरसय्या संध्याकाळी घरी आला. कुणीतरी सायकल आणून ओसरीत टाकली होती. तो दादाजवळ बसला, दादाच्या पायावर हात ठेवला, मग सायकलकडं गेला. रिकामी डबी बोटानं चाचपली, फिरवून पाहिली. मग नटावर अंगठा घासला आणि अंगठा उजेडात धरला. लाल होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या हत्यारांना खंडेनवमीला कुणी हात लावला नव्हता हे त्याला ठाऊक होतं. कुंकवाचा पाना कुणाच्या घरचा तेही कळलं होतं. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "मिस्त्री, तुमच्यावर विश्वास टाकला होता हो." नरसय्यानं अंगठा धोतराला पुसला. "चूक झाली, आई," तो म्हणाला आणि निघून गेला.

गुडघा सांधला, पण वाकेना. सायकलीवर बसणं संपलं. दादा होटगीलाच शाळेमागच्या खोलीत राहू लागला. मार्गशीर्षात मुलगी झाली, जगली, तेव्हा तो होटगीतच होता. निरोप पोचून तो आला तोवर ती पाच दिवसांची झाली होती. वहिनीची संध्याकाळी दाराशी जायची सवय मोडायला फार दिवस लागले. आणि लिंबाखालचा कट्टा ओस पडला. कंपाउंडर सायकल स्टेशनजवळच्या दुकानात नेऊ लागले. सिद्रामही जाईना, "मास्तरला पाडला त्यानं, आमी कशाला मरावं?" असं म्हणायचा. नरसय्या अर्धा दिवस दुकानात माशा मारायचा आणि अर्धा दिवस भावाच्या मागावर बसायचा, जिथून तो एकदा उठून आला होता.

दर शनिवारी मी भाकरी घेऊन होटगीला जायचो, दुपारच्या मालगाडीत गार्डच्या ओळखीनं. त्या महिन्यांत मी पत्रक लिहायला बसलो की दुसरी ओळ सुचायची नाही. माघातल्या एका शनिवारी दादा धपाटं खात असताना मी सगळं सांगितलं. पाना, डब्या, नाव, खोटं. तो खात राहिला. नंतर हात धुतले. ताठ पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला.

"मला कशाला सांगतोस?" तो म्हणाला. "माझा पाय काही वाकणार नाही आता. त्याचं दुकान मात्र उभं राहील. त्याला सांग. आणि ज्यांच्यासमोर झालं त्यांच्यासमोर सांग."

मला एकच गोष्ट येत होती. मी पत्रक काढलं. दोन दिवस लिहिलं, दोनशे प्रती छापल्या आणि बाजारात वाटल्या. लोकांनी घेतल्या, वरचा मथळा बघितला, पुन्हा बहिष्काराचंच असेल म्हणून खिशात घातल्या. माझी पत्रकं न वाचण्याची त्यांना एव्हाना सवय झाली होती. मग मी एक प्रत घेऊन कट्ट्यावर गेलो. कंपाउंडर आणि सिद्राम यांना मुद्दाम बोलावून आणलं होतं. नरसय्याला मराठी वाचता येत नव्हतं. त्यानं हातातलं चाक खाली ठेवलं, कागद उलटसुलट करून बघितला आणि मला परत दिला.

"वाच."

मी उभा राहून वाचू लागलो. पहिल्या परिच्छेदात पारतंत्र्यानं आलेली हतबलता होती. दुसऱ्यात स्वदेशी कारागिरांवर होणारा अन्याय. तिसऱ्यात 'तरुणांच्या उतावळ्या ध्येयवादाकडून अनवधानानं घडणाऱ्या प्रमादांचा' विचार होता. नरसय्या माझ्याकडं न बघता रिमवर बोट फिरवत होता, तारांतून कुठली ढिली आहे ते बघत. चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी ती गोष्ट आली. मी ती वाचली.

सिद्राम हळूच म्हणाला, "म्हंजी तू उलटं बसीवलंस व्हय रं?"

कंपाउंडरांनी अंगठी बोटातल्या बोटात फिरवली. मग उठले, रस्त्याकडेला उभी केलेली आपली बुटकी सायकल आणली आणि नरसय्यासमोर कट्ट्याला टेकवली.

नरसय्यानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या कागदाकडं. "एवढं लांब कशाला लिहिली?" तो म्हणाला. "मी उलटं बसवलं. एवढंच लिहायचं होतं की."

मग तो पाना शोधू लागला. मला बस म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही. मी कागदाची घडी घातली आणि घरी गेलो.

त्यानंतरही मी पुष्कळ पत्रकं लिहिली, तुरुंगातही गेलो, भाषणं केली. आज नातवंडांच्या सायकली दाराशी उभ्या असतात आणि त्या वेगळ्याच धाटणीच्या आहेत, तरी जाता-येता मी वाकून ब्रेकची तोंडं बघतो. सून म्हणते, आजोबांचं काहीतरी हरवलंय. मोजून पानभर लिहायचं म्हणून हे लिहायला बसलो होतो, आणि बघा, किती झालं. वय झालं, हात दुखतो, सवय जात नाही. उलटं मी बसवलं.